धागा: यादीतून नाव कापलं, पण माझी चूक काय ते कुठे लिहिलंय?

शॉर्टहँड (इंदूर, राजेंद्र नगर)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहायला बसले, कारण चार दिवस झाले तरी गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई अकरा वर्षांपासून येतात. नवरा गेला तेव्हा त्यांचा धाकटा सहावीत होता. विधवा म्हणून एका सरकारी योजनेचे पैसे दर महिन्याला त्यांच्या खात्यात पडायचे. तीन महिन्यांपूर्वी ते बंद झाले. फोनवर ना मेसेज, ना घरी कागद. बँकेत पासबुक भरायला गेल्या तेव्हा कळलं की काही आलंच नाही.

मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलाने त्यांच्या कुटुंबाचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. लाल अक्षरांत ‘अपात्र’. पुढच्या रकान्यात ‘चार पहिया वाहन’. बाईंच्या घरात एक सायकल आहे, तीही पंक्चर. थोरला मुलगा दुसऱ्याची लोडिंग गाडी चालवतो. मालकाने गाडीच्या कागदांवर त्याचाच मोबाईल नंबर दिला असणार आणि तिथून कुठेतरी जुळवाजुळव झाली असणार, असं आम्हाला वाटतं. खात्री कशाचीच नाही, कारण सांगणारं कुणी नाही. तो मुलगा म्हणाला, “मैडम, हमने नहीं काटा, सिस्टम ने काटा है.” मग तक्रार कुणाकडे करायची? “ऊपर से होगा.”

बाईंनी पिशवीतून सगळे कागद काढून खिडकीवर मांडले होते. रेशन कार्ड, आधार, आणि लॅमिनेट केलेला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. त्याचा एक कोपरा पाणी जाऊन फुगलाय. त्यांनी ते एकेक करून परत पिशवीत ठेवले आणि मला विचारलं, “दीदी, इसमें मेरी गलती क्या लिखी है?”

मी ३२ वर्षं कोर्टात स्टेनो होते. खुनाच्या आरोपीलासुद्धा आधी आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, जुर्म स्वीकार है? हे वाक्य मी किती वेळा टाईप केलं असेल याला गणती नाही. ज्याच्यावर सगळं गाव थुंकतं त्यालाही तो प्रश्न विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आणि या बाईंना कुणी काहीच विचारलं नाही.

घरी भाचा म्हणाला, “मावशी, चीनमध्ये तर सरकार प्रत्येक माणसाला मार्क देतं, आपल्याकडेही तेच येणार.” व्हॉट्सॲपवर असं बरंच फिरतं. त्यातलं खरं किती? आणि सरकारने माणसाला गुण दिले, यादीत घातलं, यादीतून काढलं, तर आपल्या कायद्यात त्या माणसाच्या हातात काय आहे? जाणकारांनी मनावर घेऊन लिहावं. मला पुढचं पाऊल टाकायचं आहे.

लष्करचा किल्लेदार (ग्वाल्हेर)

ताई, बाईंचं ऐकून वाईट वाटलं. ती चूक आहे आणि दुरुस्त झाली पाहिजे. पण एका चुकीवरून सगळी पद्धतच वाईट ठरवू नका. मी आयुष्यभर कर वेळेवर भरला, एक चलान नाही, पाण्याचं बिल थकवलं नाही. बाजूच्या माणसाने सगळंच थकवलं. सरकारी दारात आम्हा दोघांना सारखीच वागणूक, हा कुठला न्याय? चांगलं वागणाऱ्याची कुठे नोंद झाली, त्याला चार ठिकाणी रांगेत पुढे घेतलं, तर बिघडलं काय?

तुमच्या इंदूरचंच बघा. २०१७ पासून स्वच्छतेत तुम्ही पहिला नंबर सोडला नाहीत. तो नुसत्या समजावण्याने आला का? दंड ठोकला तेव्हा लोक सुधारले. माणसाला धाक लागतो, हे मी शाळेत शिकवताना रोज पाहिलंय.

शॉर्टहँड

दादा, दंडाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझ्या भावजयीला रामबागेत कचरा बाहेर टाकल्याबद्दल दंड झाला होता. समोर माणूस उभा होता, ती त्याच्याशी दहा मिनिटं भांडली, शेवटी पैसे भरले, पावती घेतली. विषय तिथे मिटला. त्या पावतीमुळे तिच्या मुलाची फीमाफी गेली नाही, तिच्या सासूबाईंचं पेन्शन अडकलं नाही, बँकेने कर्ज नाकारलं नाही.

दंड भरला की संपतो. गुण वजा झाले की ते पुढच्या प्रत्येक खिडकीवर तुमच्या आधी जाऊन उभे राहतात. मला भीती वाटते ती याची. शाळेतही तुम्ही पोराला अंगठे धरून उभं केलं असेल, पण त्याच्या धाकट्या बहिणीचा प्रवेश त्यापायी थांबवला नसेल ना?

परतीचा पक्षी (इंदूर, आधी शांघाय)

मी कामानिमित्त सहा वर्षं चीनमध्ये होतो. भाच्याला सांगा, ‘प्रत्येक चिनी माणसाला सरकार एक आकडा देतं’ हे खरं नाही. देशभर चालणारा असा एकच आकडा नाही. पण जे आहे तेही सोपं नाही.

२०१४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ‘सामाजिक पत व्यवस्था’ उभारायचा आराखडा काढला, २०२० पर्यंतचा. त्याखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आल्या आणि बाहेरच्या जगाने त्यांची एकच खिचडी केली.

पहिली, खासगी. एका मोठ्या पेमेंट कंपनीने २०१५ मध्ये ३५० ते ९५० असा गुणांक आणला. तो सरकारी नव्हता. चांगला असला की सायकल भाड्याने घेताना अनामत माफ, इतपतच.

दुसरी, काही शहरांचे प्रयोग. शान्तुंग प्रांतातलं रोंगचंग सगळ्यांत गाजलं. प्रत्येकाला सुरुवातीला १,००० गुण. वाहतुकीचा नियम मोडला की ५ वजा, शहर पातळीवर गौरव झाला की ३० जमा, त्यावरून अ, ब, क, ड अशा श्रेण्या. त्याआधी २०१० मध्ये च्यांगसू प्रांतातल्या सुईनिंग जिल्ह्यात असंच सुरू केलं होतं. गाऱ्हाणं घेऊन वरच्या कार्यालयात गेलात तरी गुण कापत. किल्लेदार काका, हे जरा थांबून वाचा: तक्रार केली म्हणून गुण वजा. तेव्हा चीनच्याच सरकारी वर्तमानपत्रांनी त्यावर टीका केली आणि जपानी फौजांच्या काळात वाटलेल्या ‘सज्जन नागरिक’ दाखल्यांशी तुलना केली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत बोचरी, आणि तिच्यात गुणच नाहीत. ती आहे न्यायालयाची यादी. कोर्टाने पैसे द्यायला किंवा एखादी गोष्ट करायला सांगितलं आणि ऐपत असून केलं नाही, तर नाव ‘बेइमान’ लोकांच्या यादीत. सर्वोच्च न्यायालयाचा हा नियम २०१३ पासून आहे. यादीत नाव गेलं की विमानाचं तिकीट नाही, जलदगती रेल्वेचं नाही, महागड्या खासगी शाळेत मुलाची फी भरता येत नाही. २०१८ अखेरपर्यंत विमानाची तिकिटं सुमारे १ कोटी ७५ लाख वेळा नाकारली गेली, असं सरकारी आकडे सांगतात. काही ठिकाणी अशा माणसाला फोन लावला की घंटी वाजण्याआधी रेकॉर्ड ऐकू येते, तुम्ही ज्याला फोन करताय तो यादीतला आहे. माझ्या ऑफिसातला एक सहकारी त्या रेकॉर्डपायी फोन घेईनासा झाला होता.

लिउ हू नावाच्या पत्रकाराची गोष्ट सगळीकडे छापून आली. बदनामीचा खटला हरला, आणि २०१७ मध्ये विमानाचं तिकीट काढायला गेला तेव्हा त्याला कळलं की आपलं नाव यादीत आहे. तिकिटाच्या खिडकीवर कळलं! शॉर्टहँडताई, तुमच्या बाईंना पासबुक भरताना कळलं, तसंच.

२०२० च्या डिसेंबरात तिथल्या मंत्रिमंडळालाच म्हणावं लागलं की वाट्टेल ती गोष्ट ‘अप्रामाणिक वर्तन’ म्हणून मोजू नका, कायद्यात किंवा केंद्राच्या धोरणात आधार असेल तरच मोजा, आणि माणसाला नाव दुरुस्त करून घ्यायची सोय ठेवा. जिथे सरकारला कुणी आव्हान देत नाही अशा ठिकाणीसुद्धा हे करावं लागलं, यावरून काय समजायचं ते समजा.

नवा वकील (इंदूर)

शॉर्टहँड ताई, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात माझं हे चौथंच वर्ष आहे. तरी लिहितो. कुठे चुकलं तर ज्येष्ठांनी कान धरावा.

‘सरकारने माणसाला आधी विचारलं पाहिजे’ ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तिला जवळपास साठ वर्षांचे निकाल आहेत, आणि ते प्रत्येक वेळी अशाच एखाद्या शिक्क्यातून आले आहेत.

ओडिशात एका सरकारी डॉक्टर बाईंची जन्मतारीख सरकारने स्वतःच ठरवून टाकली आणि त्यांना लवकर निवृत्त केलं. ज्या अहवालावरून ठरवलं तो त्यांना दाखवलासुद्धा नाही. बिनापाणी देई खटला, निकाल १९६७ चा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हुकूम प्रशासकीय असला तरी त्याने माणसाचं नुकसान होत असेल तर त्याचं म्हणणं ऐकावंच लागेल. तुमच्या बाईंचं प्रकरण मला याच्या सगळ्यांत जवळचं वाटतं.

सत्तरच्या दशकातला पश्चिम बंगालचा एक खटला, एका कंपनीला काळ्या यादीत टाकलं होतं त्याचा. कोर्ट म्हणालं, काळ्या यादीत टाकणं म्हणजे नागरी परिणाम करणारी कृती, आधी ऐकून घ्या. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जनहिताच्या नावाखाली जप्त केला आणि कारण सांगायला नकार दिला. १९७८ चा तो निकाल सगळ्यांना ठाऊक असतो: घटनेच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) मधली ‘कायद्याने ठरवलेली पद्धत’ ही न्याय्य आणि रास्त असली पाहिजे, नावापुरती नाही. आणि अगदी अलीकडचा, २०२३ च्या मार्चमधला: बँकेने कर्जदाराचं खातं ‘फसवणूक’ म्हणून जाहीर करण्याआधी त्याला नोटीस द्या, अहवाल द्या, उत्तर द्यायची संधी द्या, कारण तो शिक्का बसला की पुढची काही वर्षं कुणी कर्ज देत नाही.

काळी यादी, पासपोर्ट, फसवणुकीचा शिक्का. गोष्टी वेगवेगळ्या, न्यायालयाने विचारलं ते एकच: त्या माणसाला आधी विचारलंत का?

आता आपल्या मध्य प्रदेशचा एक खटला सांगतो, कारण वर्तनावरून माणसाला यादीत घालणं आपल्या घरात जुनं आहे. पोलीस ठाण्यात ‘हिस्ट्रीशीट’ असते, निगराणी बदमाशांचं रजिस्टर असतं. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश, १९७५. पोलीस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ क्रमांकाच्या नियमांखाली त्याच्यावर पाळत होती, रात्री-बेरात्री घरी पोलीस येत. कोर्टाने नियम रद्द केले नाहीत, पण आवळून धरले. ज्याच्या पूर्वीच्या गुन्ह्यांवरून तो गुन्हेगारीचंच आयुष्य जगणार असं दिसतं अशाच माणसापुरते ते वापरा, आणि घरावरच्या भेटी समाजाला स्पष्ट धोका असेल तेव्हाच. त्या निकालात खासगीपणाचा हक्क जरा बिचकत मान्य झाला होता. २०१७ च्या २४ ऑगस्टला पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क म्हणून ठामपणे मांडला. तेव्हापासून सरकारने नागरिकाची माहिती गोळा करून वापरायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा.

इंदुरात ‘जिलाबदर’ हा शब्द पेपरात दर आठवड्याला वाचतो आपण. १९९० च्या राज्य सुरक्षा अधिनियमाखाली माणसाला एक वर्षापर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. इतका कडक कायदा, पण त्यातही आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं घ्यावं लागतं, वर अपील आहे. ते झालं नाही म्हणून आमच्या खंडपीठात हुकूम रद्द होताना मी पाहिले आहेत. ज्याला गुंड ठरवायचं त्याला जे मिळतं ते पोळ्या करणाऱ्या बाईंना मिळू नये?

रेवाकाठ (बडोदा)

वकीलसाहेब, तुम्ही गोविंदवर थांबलात. मी अजून मागे जाते, कारण आमच्या बडोद्यात या विषयावर काम झालंय आणि माझी आई त्या बैठकांना जायची.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या. कुणी काय केलं हे पाहायचंच नाही, जन्माला आलात की यादीत. रोज ठाण्यात हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. सोलापूरच्या काटेरी तारेच्या सेटलमेंटबद्दल महाराष्ट्रातल्या लोकांनी ऐकलं असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पाठोपाठ राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावं तशीच राहिली. १९९८ मध्ये बडोद्यात गणेश देवी, महाश्वेता देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या, म्हणजे त्या यादीतून सुटलेल्या जमातींच्या, हक्कांसाठी गट उभा केला तो यासाठीच. कायदा रद्द होऊन ४६ वर्षं झाली होती तेव्हा.

२०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दिल्लीच्या प्रकरणात हिस्ट्रीशीटबद्दल लिहिताना नेमकं हेच बोलून दाखवलं, की मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध लोकांची नावं अशा नोंदींत यांत्रिकपणे जाऊ देऊ नका, आणि सगळ्या राज्यांना त्यावर विचार करायला सांगितलं.

आई एक प्रसंग सांगायची. छारा या विमुक्त जमातीच्या वस्तीतली एक मुलगी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना पत्त्याच्या जागी मावशीच्या घरचा पत्ता लिहायची. तिच्यावर एकही तक्रार नव्हती. तिला कुणी गुण दिलेच नव्हते, ते वस्तीला दिले होते.

म्हणून मला संगणकाची वेगळी अशी भीती वाटत नाही. वही होती तेव्हाही हेच झालं. फरक एवढाच की वही एका ठाण्यात असायची, गाव सोडलं की सुटका व्हायची. आता गाव सोडून जायला जागा नाही.

सराफ्याची लेक (द हेग)

मूळ इंदूरची, सध्या नेदरलँड्समध्ये. हे सगळं फक्त चीनमध्ये किंवा गरीब देशांत होतं असं समजू नका. इथे काय झालं ते सांगते.

इथल्या सरकारने वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून कोण सरकारी मदतीत लबाडी करू शकेल याचा अंदाज बांधणारी ‘सिरी’ नावाची व्यवस्था केली होती. ती वापरली गेली ती गरीब वस्त्यांवर, आणि ज्यांच्यावर ‘धोका’ अशी खूण पडली त्यांना ते कळवलं जात नव्हतं. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या जिल्हा न्यायालयाने तो कायदा मानवी हक्कांच्या युरोपीय कराराच्या आठव्या कलमाविरुद्ध ठरवला. सरकार गणिताचं सूत्र दाखवायला तयार नव्हतं, आणि न पाहता ते रास्त आहे की नाही हे कोर्ट तपासणार कसं?

दुसरं प्रकरण मुलांच्या पाळणाघराच्या भत्त्याचं. कर खात्याने हजारो आईवडिलांना फसवे ठरवलं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असणं हे जोखीम मोजताना धरलं गेलं. एखादी सही राहिली तरी वर्षानुवर्षांचा सगळा भत्ता परत मागायचे, लाखो रुपये होतील इतके. माझ्या इमारतीत मोरोक्कोहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनी आधी गाडी विकली, मग घर सोडलं. देशभर हजाराहून जास्त मुलं अशा घरांतून काढून सरकारी देखरेखीत ठेवली गेली. १५ जानेवारी २०२१ ला सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पण ज्या आया दहा वर्षं फोन करून ‘माझं काय चुकलं’ विचारत होत्या, त्यांना त्या वेळात कुणी उत्तर दिलं नाही.

आता युरोपच्या नव्या एआय कायद्याने सामाजिक वर्तनावरून माणसाला गुण देऊन त्याला असंबंधित ठिकाणी किंवा अवाजवी त्रास देणाऱ्या व्यवस्थांवर बंदी घातली आहे, २ फेब्रुवारी २०२५ पासून. ताईंनी भावजयीच्या पावतीबद्दल लिहिलं ते हेच: एका ठिकाणचं वागणं दुसऱ्या ठिकाणी वसूल करायचं नाही.

पासबुक (इंदूर, टिळक नगर)

मी बँकेतून निवृत्त. आपल्याकडे गुणांक रोजच्या जगण्यात आधीच आहे, कर्जाचा, ३०० ते ९०० चा. पण त्याच्या मागे २००५ चा कायदा आहे. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. चूक कळवली की ३० दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून. चुका तरीही होतात. एकाच नावाचे दोघे, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे, आणि एकाचं बुडीत कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर. पण निदान कुठे लिहायचं ते ठाऊक असतं. कर्ज मागणाऱ्याला जे संरक्षण आहे ते सरकारी मदतीवर जगणाऱ्याला नाही, हे मला फार लागतं.

लष्करचा किल्लेदार

सगळं दोनदा वाचलं. सुईनिंगची गोष्ट, तक्रार केली म्हणून गुण कापले ही, माझ्या गळ्याखाली उतरत नाहीये. मी विचार केला होता तो चांगल्या वर्तनाच्या बक्षिसाचा. पण ‘चांगलं’ म्हणजे काय हे जो ठरवणार, त्याच्याविरुद्ध बोलणं तो वाईटातच धरणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शाळेत आम्हीही प्रश्न विचारणाऱ्या पोरांना शिस्तीत कमी गुण दिलेत.

तरी एक विचारतो. खोटे लाभार्थी असतात, हे तर खरं ना? ते शोधायचे कसे?

नवा वकील

काका, शोधायलाच हवेत, आणि संगणकाने शोधावेत. पण त्याने शोधलं म्हणजे फक्त शंका आली. तेलंगणात लाखो रेशन कार्डं अशीच रद्द झाली होती, घरी जाऊन न पाहता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा घरोघर जाऊन तपासायला लावली. हरियाणात तर कागदावर मृत ठरलेल्या एका आजोबांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला वरात काढली. शंका आली की नोटीस पाठवा, १५ दिवस द्या, माणूस पाठवून अंगणात गाडी आहे का बघा. यात अवघड काही नाही.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल कुणी विचारेल म्हणून लिहितो. आपल्याबद्दलची माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने. पण सरकार आपल्या संस्थांना त्यातून सूट देऊ शकतं, आणि निव्वळ यंत्राने घेतलेला निर्णय नाकारण्याचा हक्क, जो युरोपात आहे, तो त्यात नाही. म्हणून ताई, सध्या जुन्या हत्यारांनीच काम करू.

आधी एक साधं निवेदन, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात ती) द्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, बाईंचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर तीही नाही. मागायचं ते असं: अपात्र ठरवणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत, तो देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, कोणत्या नियमाखाली दिला, वाहनाची नोंद कुठून घेतली आणि ते कोणत्या नंबरचं वाहन. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. मला वाटतं आदेश मुळात निघालाच नसेल, आणि ‘असा आदेश उपलब्ध नाही’ हे त्यांच्याच सहीचं उत्तर आपल्या सगळ्यांत कामाचं. मागाहून त्यांनी कारणं जोडली तरी कोर्ट आदेशात काय लिहिलं होतं तेच पाहतं. मोहिंदर सिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटलं होतं की सरकारी हुकूम काही जुन्या दारूसारखे दिवसेंदिवस सुधारत नसतात.

मग अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी कृतीविरुद्धची याचिका. पैशाची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळतं, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. हेल्पलाईन १५१००.

शॉर्टहँड

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल मंगळवार होता. सकाळी साडेनऊला आम्ही दोघी रांगेत लागलो, पावणेएकला नंबर आला. अधिकाऱ्यांनी निवेदन पूर्ण वाचलं, आणि बाईंना विचारलं, “गाड़ी है आपके पास?” तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. बाई नुसत्या “नहीं साब” म्हणाल्या, पण बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आवक क्रमांकाची प्रत त्यांनी घडी घालून दाखल्याच्या मागे ठेवली.

काम झालेलं नाही अजून. “जांच करवाते हैं” एवढंच उत्तर आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज हिंदीत मी टाईप केलाय. वकीलसाहेब, एक विचारायचं राहिलं. चौथ्या मुद्द्यात मी ‘डेटा’ लिहिलंय, ‘वाहन का डेटा किस विभाग से लिया गया’. तो शब्द ठेवू का दुसरा घालू?

नवा वकील

‘अभिलेख’ घाला, ताई. कायद्याच्या हिंदी पाठात तोच शब्द आहे. आणि ‘किस दिनांक को’ हेही जोडा, कोणत्या तारखेला जुळवणी केली ते कळू दे. बाई सही करतात की अंगठा?

शॉर्टहँड

सही करतात. सावकाश करतात, पण पूर्ण नाव लिहितात. दोन्ही बदल केले. उद्या पोळ्यांना आल्या की सही घेते आणि दुपारी जाऊन लावते.